ओढ

शुक्रवारी रबाळ्याची एमआयडीसी झोपलेली असते.
शेजारचा पॉवर प्रेस गप्प, नाल्याचा वास तेवढा जागा.
मी शटर अर्धंच वर करतो.
निमिषा वैती वाकून आत येते,
हातात बुटांचं खोकं, त्यात चार-चार पंखांचे तीन संच
कापसावर ठेवलेले, अंडी असल्यासारखे.

मी डक्टिंगवाला. तीस वर्षं
भटारखान्यांतला धूर बाहेर काढायचे रस्ते
पत्र्यात वाकवले.
वारा कुठे अडतो, कुठे घुसमटतो,
मला कानाने कळतं.
तिला ते आकड्यात हवंय.

म्हणून हा बोगदा. प्लायवूडचा,
मधे जुन्या फिशटँकच्या काचेची खिडकी,
तोंडाशी सरबताच्या नळ्या, नऊशे चाळीस,
दोन रात्री बसून चिकटवलेल्या,
वाऱ्याचा गुंता विंचरायला.
पंखा मी आधी पुढे लावला होता.
"ढकललेला वारा गरगरतो, काका. ओढून घ्यायचा."
तीस वर्षं हेच करत होतो की!
कोणी वाक्य करून दिलं नव्हतं.

रॉकेट पुठ्ठ्याचं, वीतभर,
सायकलच्या स्पोकच्या तरफेवर आडवं.
वारा त्याला जितकं मागे रेटेल
तितकी तरफ काट्यावर टेकेल.
काटा ऐरोलीच्या सोनाराचा,
संध्याकाळी सातच्या आत परत द्यायचा.

पुस्तकात कर्षण. ती म्हणते ड्रॅग.
मी म्हटलं, आमच्यात याला ओढ म्हणतात.
"ओढ, ग्रॅममध्ये?" ती हसली,
आणि रकान्याच्या डोक्यावर तोच शब्द लिहिला.

आधी रिकामा स्टँड.
रॉकेट नाही, पंख नाहीत,
नुसती स्पोक उभी वाऱ्यात.
दोन पूर्णांक दोन.
काही धरलेलं नाही, तरी एवढं?
"हे आधी वजा करायचं. नाहीतर सगळं रॉकेटच्या नावावर जातं."
मला भावाबरोबरची गाळ्याची वाटणी आठवली.
बोललो नाही.

मग बिनपंखांचं रॉकेट. तेही वजा.
मग पहिला संच, कापला तसा, कडा चौकोनी.
मोगऱ्याची उदबत्ती लावली.
धूर शिस्तीत आला, कडेवर आपटला, फाटला,
मागे वळून स्वतःलाच चावू लागला.
तीन पूर्णांक सहा.
पुढची कड गोल केलेला: दोन पूर्णांक एक.
तिसरा तिने चारशे नंबरच्या कागदाने
आठवडाभर घासलेला, मागून विळ्याच्या धारेसारखा.
धूर त्याच्या अंगावरून असा गेला
जशी लग्नात एखादी म्हातारी गर्दीतून जाते,
कुणालाही धक्का न लावता.
एक पूर्णांक तीन.

मग काढूनच टाक ना पंख, मी म्हटलं.
तिने नुसती नळी मधोमध दोऱ्याला बांधून वाऱ्यात सोडली.
नळी डोलली, बावरली,
आणि आडवी होऊन तशीच थरथरत राहिली.
"पंख हवे तर ओढ येणारच, काका.
फुकटचे पंख नसतात."

वारा दुप्पट तर ओढ चौपट, असा नियम.
आमची आली पावणेचार.
पाव कुठे गेला?
तिने वही तीनदा तपासली, बेरजा, वजाबाक्या,
ओठ चावून.
मी डोळे मिटले.
खिडकीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात
अगदी बारीक, चहाच्या किटलीने विचार बदलावा तशी
शिट्टी.
तिथून वारा चोरून आत येत होता.
एम-सील मळलं, भरलं, अर्धा तास थांबलो,
वडापाव खाल्ला.
पुन्हा सुरू.
चौपट. चौपटीला एक केस कमी.
तिने माझ्याकडे पाहिलं ते
मापकाकडे पाहावं तसं.

साडेसहाला पंखा बंद.
पाती बराच वेळ फिरत राहिली.
काटा मात्र शून्यावर येईना,
शून्य पूर्णांक एकवर अडून बसला.
तिने टेबलावर बोटाने एकदा टिचकी मारली.
शून्य.

उडवायचं कुठे, ते अजून ठरलेलं नाही.
खोकं बंद केलं. काटा पिशवीत.
मी शटर वर करताना
खाडीकडून आलेला, न विंचरलेला वारा
आत घुसला, आणि वहीची पानं
मागेमागे उलटत
रिकाम्या स्टँडपाशी थांबली.